बुडबुडा दिसतोय का?

पहाटे साडेपाचला काका मला मासे गरवायच्या जागी न नेता नदीच्या उगमापाशी घेऊन गेले. रॉड गाडीतच ठेवायला लावला. चुनखडीच्या टेकडीच्या पायथ्याशी, झुडपांच्या आड, खोलीएवढं एक कुंड होतं. पाणी इतकं नितळ की आधी कुंड कोरडंच वाटलं. मग तळाची वाळू हलताना दिसली. चार-पाच ठिकाणी ती आतून कुणी ढकलल्यासारखी वर उसळत होती, पसरत होती, पुन्हा खाली बसत होती. उकळी फुटल्यासारखं दिसत होतं, आणि हात घातला तर मनगटापर्यंत गारठा चढला. अशा झऱ्याला उमाळा म्हणतात. हा शब्द मी लहानपणापासून वापरत आले, पण त्याचा अर्थ त्या सकाळी डोळ्यांनी पाहिला.

"घाल थर्मामीटर," काका म्हणाले.

दोन मिनिटं धरला. 10 अंश सेल्सिअस. काकांनी खिशातली वही काढून मागची पानं उलटली. ऐन थंडीतली नोंद 10, भर उन्हाळ्यातली 10, मध्ये एकदा 10.5. बाहेर हवा गोठो नाहीतर भाजो, या कुंडाला त्याचा पत्ता नाही. कारण हे पाणी आजचं नाहीच. कधीतरी पडलेला पाऊस टेकडीत मुरला, खडकाच्या भेगांतून महिनोन् महिने झिरपत राहिला आणि आता वर येतोय. जमिनीच्या पोटात खोलवर तापमान वर्षभर जवळजवळ सारखं असतं, त्या भागातल्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास, आणि तेच तो सोबत घेऊन येतो. म्हणून या नदीला सहसा पूर येत नाही, गढूळपणा नाही, आणि ऐन उन्हाळ्यातही धार आटत नाही.

ट्राउट या गार पाण्यातल्या माशाला हेच हवं असतं. पाणी जितकं गार, तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम, 25 अंशांवर जेमतेम 8. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की ब्राउन ट्राउटची दमछाक सुरू होते. इथे ती वेळ फारशी येत नाही. त्यात चुनखडीतून विरघळलेला चुना. त्याच्यावर गोगलगायी पोसतात, पाण्यातल्या चिमुकल्या कोळंब्या पोसतात, गवतासारख्या पाणवनस्पतींची कुरणं माजतात आणि त्यांत हजारो किडे राहतात.

मी तीन वर्षं डोंगरातल्या खळाळत्या नद्यांवर गरवत आले होते. तिथे पाणी धावतं, मासा भुकेला असतो, आणि समोरून काही वाहत आलं की खायचं की सोडायचं हे त्याला क्षणात ठरवावं लागतं. चूक झाली तरी तो माफ करतो. उमाळ्याच्या नदीवर मी पहिल्यांदाच पूर्ण दिवस घालवणार होते. कुंडापाशी बसूनच मला कळायला हवं होतं की इथला मासा उपाशी नसतो, त्याला घाई नसते, आणि काचेसारख्या पाण्यातून त्याला सगळं दिसतं. हे सगळं मी वाचलेलं होतं. वाचलेलं हाताशी यायला त्या दिवशी संध्याकाळ झाली.

सामानाबद्दल थोडं सांगते, कारण गळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिसं आणि गांडूळ येतं. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला वजनच नसतं. पिसं आणि दोऱ्याने बांधलेली खोटी माशी हवेत फेकली तर ती पायाशीच पडेल. वजन असतं ते दोरीला. माझी लाइन चार नंबरची, म्हणजे तिच्या पहिल्या 30 फुटांचं वजन साधारण 7.8 ग्रॅम. रॉडने ती लाइन हवेत मागे-पुढे उलगडायची, आणि ती जाता जाता माशीला सोबत नेते. लाइनच्या पुढे बारा फुटांचा निमुळता होत गेलेला बारीक दोरा, म्हणजे लीडर, आणि त्याच्या टोकाला 0.127 मिलिमीटर जाडीचा शेवटचा तुकडा, टिपेट. माशी 18 नंबरच्या गळावर बांधलेली. गळांचे आकडे उलटे चालतात, नंबर मोठा तसा गळ लहान. 18 म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा. या पट्ट्याच्या परवान्यात अटी स्पष्ट होत्या: फक्त कृत्रिम माशी, गळाला उलटा काटा नको, आणि धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात.

खाली चालत गेलो. पोलराइज्ड चष्मा लावला की पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसतो, पण तळ दिसला म्हणजे मासा दिसला असं होत नाही. काका दर वीस पावलांवर थांबायचे आणि बोट न दाखवता नुसतं म्हणायचे, "त्या पिवळ्या दगडाच्या वर, हातभर." मी बघत राहायचे. दगड, वाळू, हिरवे झुबके. मग एखादा झुबका वाऱ्यावर हलल्यासारखा हलायचा आणि तो माशाच्या शेपटीचा असायचा. बऱ्याचदा मासा दिसायच्या आधी त्याची सावली दिसते, तळावर पडलेली काळी रेघ. ती कळली की वर बघायचं. तासाभरात मला आपोआप तीन मासे दिसले. काकांना त्याच पट्ट्यात अकरा दिसले होते.

पहिला मासा मी उभ्या उभ्या घालवला. चांगला हातभर होता. मी काठावर ताठ उभी राहून लाइन सोडवत होते आणि त्याने मला बघितलं. पाण्यावर बाणाच्या टोकासारखी एक लाट उठली आणि जागा रिकामी झाली. ट्राउटला पाण्याखालून वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे क्षितिजापर्यंतचं सगळं आकाश साधारण 97 अंशांच्या शंकूत गोळा होतं. मासा 30 सेंटिमीटर खोल असेल तर त्याच्या डोक्यावरची ही खिडकी सुमारे 68 सेंटिमीटर रुंद. खोल गेला की खिडकी मोठी होते. खिडकीच्या कडेला जे अगदी ठेंगणं असतं ते चेपलं जाऊन दिसेनासं होतं. म्हणून वाकायचं, गुडघ्यावर जायचं, गवताच्या उंचीच्या वर डोकं काढायचं नाही. त्यानंतर दिवसभर मी गुडघ्यांवरच होते.

दहाच्या सुमारास पाण्यातून माश्या निघायला लागल्या. मेफ्लाय या किड्याची ऑलिव्ह जात. पाण्यावर राखाडी पंख उभे करून त्या अशा वाहत येतात की लांबून शिडाच्या होड्यांचा ताफा वाटावा. पंख वाळले की उडतात. तोवर सगळ्या नदीवर वर येणाऱ्या माशांची कडी उमटायला लागली, इथे एक, तिथे एक. एका उथळ वळणावर पहिल्याच फेकीला वीतभर मासा लागला, हातात न घेताच पाण्यातल्या पाण्यात गळ काढला. बरं वाटलं. खरं सांगायचं तर जरा जास्तच बरं वाटलं, कारण पुढचा दीड तास मी त्याच भरवशावर चालले.

पलीकडच्या काठावर एक झाड पाण्यावर ओणवं झालेलं होतं. त्याच्या फांदीखाली, काठापासून हातभर अंतरावर, एक मासा दर पंधरा-वीस सेकंदांनी वर येत होता. घाई नाही, खळखळ नाही. आधी पाठ, मग परांचं टोक, आणि पाण्यावर एक जाडसर कडं. पाठ दिसायची त्यावरून मासा मोठा आहे हे कळत होतं. काका वरच्या वळणाला गेले होते. मी एकटी गुडघ्यांवर सरकत समोर पोचले.

पहिली फेक आखूड पडली. दुसरी बरोबर जागी पडली आणि माशी दोन फूट वाहून आली, मग एकदम वाकडी झाली आणि पाण्यावर रेघ ओढत पळाली. मासा वर आलाच नाही. याला ड्रॅग म्हणतात. माझ्या आणि माशाच्या मध्ये नदीची वेगवान धार होती. माशी पडते संथ पाण्यात, लाइन पडते धारेवर, धार लाइनला खाली ओढते, लाइनला पोट सुटतं आणि ते पोट माशीला फरफटत नेतं. खरी माशी पाण्याच्या वेगाने वाहते, त्यापेक्षा तसूभर जास्त नाही. वर्षभर त्याच काठाखाली राहिलेल्या माशाला हा फरक बरोबर कळतो. उपाय असा की माशी पडायच्या आधी हवेतच रॉड प्रवाहाच्या वरच्या बाजूला झुकवायचा, म्हणजे लाइन वळसा घेऊन पडते आणि पोट सुटायला चार-पाच सेकंद जास्त लागतात. दहाएक फेकी झाल्यावर ते जमायला लागलं. माशी फेसाच्या ठिपक्यासोबत, त्याच चालीने, त्याच्या डोक्यावरून जाऊ लागली.

मासा वर येत होता. माझ्या माशीच्या आधी, माझ्या माशीच्या नंतर. माझ्या माशीला मात्र नाही.

मी माशी बदलली. 20 नंबरची, आणखी लहान. मग फिक्या अंगाची. मग पंख नसलेली, नुसत्या पिसाच्या केसांवर तरंगणारी. टिपेट आणखी बारीक केला, 0.1 मिलिमीटरचा. एकदा तो उठला. फिक्या माशीच्या खाली नाक लावून तिच्याबरोबर उलटा उलटा वाहत आला, फूटभर, मला त्याचा डोळा दिसला, आणि मग एखादं दार लोटून घ्यावं तसा सावकाश खाली गेला. माझा श्वास अडकला होता. हात थरथरत होते. पुढच्या पंधरा सेकंदांनी तो पुन्हा वर येऊन काहीतरी खाऊन गेला.

चाळीस मिनिटं झाली असतील. मागे गवत हललं, काका येऊन बसले. मी एका दमात सगळं सांगितलं: ड्रॅग नाही, टिपेट बारीक आहे, चार माश्या बदलल्या, तो माशीखाली येऊन परत गेला. ते माशाकडे बघत राहिले. बराच वेळ. मला फेकायची घाई झाली होती, त्यांनी हातानेच थांब म्हटलं.

मग विचारलं, "बुडबुडा दिसतोय का?"

"कुठला बुडबुडा?"

"तो वर आला की कडं उमटतं ना? त्या कड्याच्या मधोमध बुडबुडा राहतो का, तेवढंच बघ. रॉड खाली ठेव."

रॉड गवतात ठेवला. एक कडं. बुडबुडा नाही. दुसरं. नाही. मी दहा कडी मोजली आणि एकाही कड्यात बुडबुडा नव्हता. आता रॉड हातात नसल्यामुळे आणखी एक गोष्ट दिसली, जी चाळीस मिनिटं माझ्यासमोर घडत होती. राखाडी पंखांच्या खऱ्या माश्या एकामागून एक त्या फांदीखालून वाहत जात होत्या. त्या दहा कड्यांच्या वेळात सहा माश्या त्याच्या डोक्यावरून सुखरूप गेल्या. त्याने एकीलाही तोंड लावलं नाही.

"पाण्याच्या वरची माशी घेताना तोंडात थोडी हवा जाते," काका म्हणाले. "ती कल्ल्यांतून बाहेर पडते, म्हणून बुडबुडा राहतो. पाण्याखालचं घेतलं तर हवा नाही, बुडबुडा नाही. एका कड्यावरून ठरवू नकोस, पण दहा बघितलीस की कल कळतो. याचं तोंड पाण्याबाहेर येतच नाहीये. येते ती नुसती पाठ."

मेफ्लायची अळी, म्हणजे निम्फ, महिनोन् महिने नदीच्या तळाशी दगडांना धरून राहते. निघायची वेळ आली की ती वर येते आणि पाण्याच्या अगदी खाली अडकते. पाण्याचा पृष्ठभाग आपल्याला काहीच वाटत नाही, पण एवढ्याशा जिवाला तो ताणून बसवलेल्या कातड्यासारखा असतो. तिथे लटकून तिला पाठीवरची कात फोडायची असते, आतून पंख बाहेर काढायचे असतात. त्या वेळात तिला पोहता येत नाही आणि उडताही येत नाही. वरची माशी कधीही उडून जाईल, ही कुठे जाणार? मासा अर्ध्या निघालेल्या माश्या वेचत होता, दोन बोटं पाण्याखाली. मी त्याला पूर्ण निघालेली माशी देत होते, तीही चार रंगांत.

मी डबी उघडली. फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या धाग्यांची लहान निम्फ काढली, तांब्याची तार न घालता बांधलेली, म्हणजे ती फार बुडणार नाही. लीडरला ग्रीस लावलं, शेवटची चार बोटं सोडून, म्हणजे लीडर तरंगेल आणि निम्फ पृष्ठभागाखाली लटकेल. इतक्या बारीक टिपेटवर गाठ मारायला मला तीन वेळा लागलं, बोटं ऐकत नव्हती. गाठ ओली करून आवळली, मान वर केली.

नदी गप्प झाली होती. माश्या निघायच्या थांबल्या होत्या. फांदीखाली काही नव्हतं. दोन फेकी केल्या, उगाच. मासा तळाला गेला होता.

मला तेव्हा रडू यायचंच बाकी होतं. काका एवढंच म्हणाले, "जागा सोडणार नाही तो. संध्याकाळी बघू."

दुपार नदीवर मोठी असते. ऊन वर आलं की मासे खोल पाण्यात किंवा गवताच्या सावलीत जातात. मी बूट काढून उथळ पाण्यात पाय सोडून बसले आणि पाणगवताचा एक झुबका ओंजळीत उपटून घेतला. आधी नुसतं हिरवं गवत वाटलं. ओंजळीत थोडं पाणी राहू दिलं आणि नजर बसल्यावर सगळी ओंजळ हलायला लागली. वाकड्या पाठीच्या, राखाडी, नखाएवढ्या कोळंब्या आडव्या पडून पोहत होत्या. वाळूच्या कणांनी बांधलेल्या नळीत कॅडिस या किड्याची एक अळी डोकं बाहेर काढून चालत होती, घर ओढत. आणि निम्फ होत्या, तीन शेपट्यांच्या, दोन्ही कुशींना पानांसारखे कल्ले, ते सारखे फडफडत होते. दोघींच्या खांद्यांवर काळे फुगवटे होते, आतले पंख. त्या एक-दोन दिवसांत निघणार होत्या. मी मोजायला सुरुवात केली आणि तीसच्या पुढे सोडून दिलं. एवढं एका ओंजळीत. झुबका होता तिथेच परत पाण्यात सोडला.

फांदीखालच्या माशाने मला ज्या चुकीत पकडलं ती फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यातल्या टेस्ट आणि इचेन या खडूच्या डोंगरांतून निघणाऱ्या नद्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी तरंगत्या माशीचं, म्हणजे ड्राय फ्लायचं, शास्त्र बसवलं. वर येणारा मासा डोळ्यांनी बघायचा, तो कोणती माशी खातोय ते ओळखायचं, तशीच माशी प्रवाहाच्या वरच्या दिशेने टाकायची. फार सुंदर पद्धत आहे ती, आणि मला अजूनही सगळ्यात जास्त आनंद तीच देते. पण तिच्या चाहत्यांनी तिचा धर्म करून टाकला. इचेनवर गरवणारे जी. ई. एम. स्क्यूज हे पेशाने वकील होते. त्यांनी दाखवलं की वर आलेला मासा प्रत्येक वेळी वरचीच माशी खातो असं नाही, पृष्ठभागाखालची निम्फही खातो, आणि तीही तितक्याच नजरेने, तितक्याच कौशल्याने देता येते. यावरून दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं वाद झाले, 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात तर रीतसर चर्चासभा झाली. मला हा वाद नेहमी पुस्तकी वाटायचा. त्या दुपारी पाय पाण्यात सोडून बसल्यावर वाटला नाही. दोन्ही पक्षांना मासा नीट बघायचा होता. मी सकाळी माशी बघत होते, माशाकडे बघतच नव्हते.

फ्रँक सॉयर हे इंग्लंडमधल्याच एव्हन नदीचे राखणदार होते, आयुष्य नदीकाठी गेलेलं. त्यांनी दोऱ्याऐवजी बारीक तांब्याची तार वापरून निम्फ बांधली, म्हणजे तार दोऱ्याचंही काम करते आणि वजनाचंही. तिच्याने गरवायची त्यांची रीत अशी: माशाच्या बरंच वर निम्फ टाकायची, ती बुडत बुडत त्याच्या पातळीला येऊ द्यायची, आणि नाकासमोर आली की रॉडचं टोक हलकेच उचलायचं. निम्फ वर उठते, जिवंत असल्यासारखी, आणि माशाला राहवत नाही. चारच्या सुमाराला एका डोहाच्या तोंडाशी काकांनी मला ते करायला लावलं. पहिल्या सहा वेळा मी फार लवकर उचललं. सातव्या वेळी पाण्यात खोल काहीतरी पांढरं चमकलं, उघडलेलं तोंड, आणि हात आपोआप वर गेला. फूटभराचा मासा होता, देखणा. सोडला.

खालच्या पुलापाशी पाणी मोजलं. 14.5 अंश. उमाळ्यापासून इथवर येईस्तोवर नदीने साडेचार अंश ऊन खाल्लं होतं. 19 दाखवलं की काका रॉड आवरतात, मासा कितीही वर येत असो. गरम पाण्यात दमवलेला मासा सोडल्यावर पोहत जाताना दिसतो आणि कुठेतरी आडोशाला जाऊन मरतो, असं ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी क्वचित ऐकलंय.

सातला आम्ही पुन्हा त्या झाडासमोर होतो. ऊन तिरपं झालं होतं आणि काठावरच्या हवेत मेफ्लायचे थवे वर-खाली नाचत होते, जोरात वर, मग पंख पसरून तरंगत खाली, पुन्हा वर. या सकाळच्याच, किंवा कालच्या, माश्या. पंख फुटल्यावर आणखी एकदा कात टाकणारे किडे फक्त हेच. दुसऱ्या कातीनंतर पंख काचेसारखे होतात. तोंड निकामी असतं, खाणं संपलेलं असतं. मीलन, पाण्यावर अंडी घालणं, आणि मग थकून पंख पसरून पाण्यावर पडणं, एवढंच उरतं.

फांदीखाली एक कडं उमटलं.

निम्फ अजून टिपेटला होती. सकाळपासून मी तिच्यासाठीच दिवस काढला होता. लाइन सोडवली, पहिली फेक मागे घेतली, आणि हात थांबवला. रॉड गवतात ठेवला. काका काहीच बोलले नाहीत.

कडं सकाळसारखं नव्हतं. पाठ दिसत नव्हती. पानावरून थेंब पडावा एवढंच, इतकं बारीक की छोटा मासा वाटावा. पहिल्या कड्यात काही दिसलं नाही, उजेड समोरून येत होता. दुसऱ्यात दिसला. बाजरीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा, कड्याच्या मधोमध, दोन फूट वाहत गेला आणि फुटला. तिसऱ्यात पुन्हा. पाचव्यात. सहाव्यात.

मी पुढे होऊन पाण्यावरून तळहात फिरवला. बोटांना एक माशी चिकटून आली. विटकरी अंग, दोन्ही बाजूंना सपाट पसरलेले पारदर्शक पंख, मेलेली नाही पण उठणार नाही अशी. डबीत तशीच एक होती, सपाट पंखांची. निम्फ काढली, ती बांधली. या वेळी गाठ पहिल्याच खेपेला बसली.

फेक लांब पडू नये म्हणून मी आणखी दोन हात पुढे सरकले. रॉड वरच्या बाजूला झुकवला, लाइन वळसा घेऊन उतरली. सपाट माशी पाण्यावर दिसतच नाही, मी अंदाजानेच फांदीच्या सावलीवर नजर ठेवली होती. थेंब पडला. बुडबुडा निघाला. मी मनात एक अख्खा श्वास मोजला आणि रॉड उचलला.

आधी काहीच नाही, नुसतं जड. मग नदीच निघाली. रीळ इतक्या जोरात फिरलं की मूठ बोटांच्या सांध्यांवर आपटली. मासा धारेत आला, खाली वळला आणि सरळ पाणगवताच्या दाट पट्ट्यात घुसला. लाइन थांबली. रॉड वाकलेला, समोर हिरवं गवत, त्यात कुठेतरी मासा. माझी पहिली बुद्धी ओढायची.

"ढील दे," काका मागून म्हणाले. "सगळी."

ताण असला की मासा ताणाविरुद्ध आणखी आत शिरतो, आणि 0.1 मिलिमीटरचा टिपेट गवताशी किती वेळ टिकणार? मी रॉड खाली केला, लाइन सैल सोडली. काटा नसलेला गळ, सैल दोरी, आणि आपण नुसतं बसायचं. मिनिटभर झालं असेल. मग पाण्यावर पडलेली लाइन हळूच सरकायला लागली, वरच्या दिशेने. मासा आपल्या पायांनी बाहेर पडावा तसा गवतातून बाहेर आला होता. रॉड आडवा धरून त्याला प्रवाहाच्या खालच्या बाजूला आणला, मीही पाण्यात उतरले, गुडघाभर, खडीवर. आणखी दोनदा तो पळाला, पण आखूड. तिसऱ्यांदा त्याचं डोकं पृष्ठभागावर आलं आणि काकांनी रबराच्या जाळीचं नेट त्याच्याखाली धरलं.

नेट पाण्यातच ठेवलं. मी दोन्ही हात आधी भिजवले, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताला निघून येतो आणि रोगाला दार उघडं होतं. गळ वरच्या जबड्याच्या कोपऱ्यात होता, दोन बोटांनी मागे सारताच सुटला. काकांच्या रॉडवर मापाच्या खुणा आहेत, त्या पाण्यातच बाजूला धरल्या: 43 सेंटिमीटर. पोट लोण्यासारखं पिवळसर, पाठ ऑलिव्ह, बाजूला काळे ठिपके आणि त्यांच्यामध्ये लाल ठिपके, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. कोणत्याही दोन ट्राउटचे ठिपके सारखे नसतात. जिभेवर एक विटकरी माशी होती, खरी, पंख चुरगळलेले.

"फोटो?" काकांनी विचारलं.

वर उचलायला लागला असता. मी नको म्हटलं.

नेट तिरपं करून त्याला खाली सरकवला, एक हात शेपटीपाशी, एक पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. पुढे-मागे हलवायचं नाही, कल्ल्यांतून पाणी त्याच्या बाजूने नीट वाहू द्यायचं. कल्ले उघडत होते, मिटत होते. शेपटीत जोर आला तसे मी हात काढले.

तो गेला नाही. वीतभर सरकला आणि माझ्या उजव्या बुटाच्या मागे, जिथे पाय धार अडवतो आणि पाणी संथ होतं, तिथे येऊन थांबला. एखाद्या दगडाआड थांबावं तसा. मला वरून त्याची पाठ दिसत होती, पर हळू हळू हलत होते. शेपटी बुटाला लागायची तेव्हा ते रबरातून जाणवायचं.

काका काठावर चढले. त्यांनी लाइन गुंडाळली, माशी काढून डबीत ठेवली, वही उघडून काहीतरी लिहिलं. उजेड उतरत होता, पाण्यातलं गवत काळं पडायला लागलं होतं. फांदीखाली आता काही उमटत नव्हतं.

"येतेस ना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"अजून आहे तो," मी म्हटलं, आणि पाय हलवला नाही.